‘सध्या काय करतो?’

मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या मंडळींमध्ये पाच मिनिटे उभे राहिले की हा प्रश्न कानावर येतोच. ‘तुमचा धाकटा सध्या काय करतो?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडे नसते. पाणी किती वाजता आले, गाडीला गर्दी किती होती, तसाच हा एक प्रश्न. पण काही घरे अशी असतात की त्या घरातले वडील हा प्रश्न चुकवण्यासाठी मागच्या फाटकाने दूध आणायला जातात. मुलगा बी.कॉम. झालेला असतो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी त्याची झोप उडाली, तो स्वतःशी बोलू लागला, शेजारी आपल्याविरुद्ध कट करताहेत असे म्हणू लागला. देवदेवस्की झाली, अंगारे-धुपारे झाले, मग उशिरा का होईना मानसोपचारतज्ज्ञ झाले. औषध लागू पडले. आज तो चौतीस वर्षांचा आहे. गोळ्या वेळेवर घेतो, आवाज ऐकू येत नाहीत, कोणाला त्रास देत नाही. डॉक्टरांच्या कागदावर ‘स्थिर’ असा शेरा आहे. आणि सकाळी दहा ते रात्री दहा तो खिडकीशी बसून असतो.

हे घर कोणा एकाचे नाही. तपशील थोडे इकडे-तिकडे केले की अशी अनेक घरे त्यात बसतात. स्किझोफ्रेनिया हा आजार बहुधा विशी-पंचविशीत डोके वर काढतो, म्हणजे नेमका शिक्षण संपून नोकरी लागायच्या वयात. त्यामुळे या आजारात नोकरी जाते असे म्हणण्यापेक्षा ती लागायचीच राहून जाते, असे म्हणणे अधिक खरे. नैराश्य किंवा उन्माद-नैराश्याचा आजार पुष्कळदा चालू नोकरीत गाठतो. तिथे प्रश्न नोकरी टिकवण्याचा असतो. दोन्ही घरांत आई-वडिलांना रात्री झोप येऊ न देणारा प्रश्न मात्र एकच, ‘आमच्यामागे याचं कसं होणार?’ त्यासाठी काही जण फ्लॅट त्याच्या नावावर करतात, काही जण बँकेत ठेव ठेवतात. सकाळी उठून कुठेतरी जायचे आहे आणि आपण गेलो नाही तर तिथे आपली वाट पाहिली जाईल, ही गोष्ट फ्लॅटने मिळत नाही आणि ठेवीनेही मिळत नाही.

मीरा-भाईंदरविषयी हे लिहिण्याला कारण आहे. मिठागरांचे आणि कोळीवाड्यांचे हे गाव. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महापालिका, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाख नऊ हजारांवर गेली. गिरगाव, लालबाग, परळच्या दहा बाय बाराच्या खोल्या विकून माणसे येथे ‘वन-रूम किचन’मध्ये आली. चाळीत असला एखादा मुलगा गॅलरीत बसलेला सगळ्यांना दिसायचा. कोणी त्याला पानाच्या गादीवर पाठवायचे, कोणी गणपतीत खुर्च्या मांडायला लावायचे. (चाळ म्हणजे काही स्वर्ग नव्हता. त्याच मुलाला ‘येडा’ म्हणून हाका मारणारी पोरेही त्याच चाळीतली.) ब्लॉकचे दार बंद झाले आणि तो मुलगा दिसेनासा झाला. किरकोळ कामे गेली आणि टिंगलही गेली.

अशी माणसे किती असतील? बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तिच्यात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजारांचे प्रमाण हजारी चारच्या आसपास होते. ही पाहणी बारा राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता सांगितले पाहिजे. तरी तेच प्रमाण धरून मीरा-भाईंदरच्या पाच लाख प्रौढांचा ढोबळ हिशेब मांडला, तर तीव्र आजाराची दोन हजार माणसे निघतात. त्यांच्याबरोबर दोन हजार घरे.

काम म्हणजे उपचार की मजुरी?

मनाच्या आजारावर कामाचा उपयोग होतो, ही कल्पना जुनी आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चारही सरकारी मनोरुग्णालयांत ‘व्यवसायोपचार’ नावाचा विभाग असतो. तिथे विणकाम, शिवणकाम, कागदी पाकिटे अशी कामे चालतात. हात गुंतले की मन थाऱ्यावर येते, हा त्यामागचा विचार, आणि तो चूक नाही. पण जगभर या विचाराला एक खोड लागली होती. रुग्णांकडून रुग्णालयाचा स्वयंपाक, धुणे, झाडलोट करून घ्यायची आणि त्याला ‘उपचार’ म्हणायचे. उपचाराला पगार कशाला? इटलीतल्या ट्रिएस्ट शहरात फ्रांको बाझालिया नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या आरंभी हा प्रश्न उलटा विचारला. तेच झाडलोटीचे, तेच धुण्याचे काम करणाऱ्या रुग्णांची त्याने सहकारी संस्था काढवली आणि त्यांना कामगाराचा करार व कामगाराचे वेतन मिळवून दिले. काम तेच, झाडू तोच. पण सकाळी तो हातात घेणारा आता ‘रुग्ण’ नव्हता. १९७८ च्या कायद्याने इटलीने पुढे मनोरुग्णालयेच बंद करण्याचा रस्ता धरला.

आपल्याकडे हे तत्त्व कायद्यात यायला २०१७ साल उजाडले. त्या वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्पष्ट म्हटले, की मानसिक आरोग्य संस्थेत कोणाकडूनही जबरदस्तीने काम करून घेता येणार नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागेल.

महाराष्ट्राला हा धडा तसा नवा नव्हता. कुष्ठरोग बरा झाला तरी बरा झालेल्या माणसाला कोणी कामावर घेत नाही, हे बाबा आमट्यांनी १९४९ मध्येच ओळखले आणि आनंदवनात औषधाच्या बरोबरीने नांगर ठेवला. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. कालपर्यंत ज्याच्या हाती घरच्यांनी दहा रुपये दिले नसते, त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा आला.

डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात २३ मार्च १९९० रोजी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ (आयपीएच) ही संस्था उभी केली. स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी तिथे ‘त्रिदल’ हा उपक्रम चालला. या वर्तुळातून पुढे आलेले दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. आजार असलेला तो ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणारा तो ‘शुभंकर’. रोगी, पेशंट, वेडा, मेंटल या शब्दांच्या शेजारी ‘शुभार्थी’ ठेवून पाहावा. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा. म्हणजे या माणसालाही काही हवे असते, हे तो शब्द मान्य करतो.

पुण्यात १९९७ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ निघाली, तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातले हे मराठी प्राध्यापक संख्याशास्त्राचे जाणकार होते. मनोविकारशास्त्राशी त्यांचा संबंध आला तो पत्नीच्या आजारामुळे. परदेशात आजारी माणसाच्या घरच्यांना जो आधार मिळतो तो इथल्या घरांनाही मिळावा, या ध्यासाने त्यांनी काम केले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला, त्यामागेही वाणी उभे होते. अतुल कुलकर्णींचा शेष आणि सोनाली कुलकर्णींनी केलेली त्याची बहीण पाहून किती तरी मराठी घरांत या आजाराचे नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले गेले. वाणी २०१७ मध्ये गेले.

आणि मीरा रोडच्या अगदी उंबऱ्यावर, दहिसर-बोरिवलीच्या बाजूला, डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचे ‘श्रद्धा’चे काम १९८८ पासूनचे. २००६ मध्ये ते कर्जतला विस्तारले आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना बरे करून त्यांनी घरी पोचवले. या कामाची सुरुवात वाटवानींनी अनेकदा सांगितली आहे. नवरा-बायको हॉटेलात बसले असताना बाहेर एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना त्यांना दिसला. त्याला आणून उपचार केले. शुद्धीवर आल्यावर कळले की तो पदवीधर आहे, शिवाय त्याने वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम पुरा केला आहे. आंध्रातल्या घरी वडील त्याची वाट पाहत होते. या हकिगतीतले गटाराचे पाणी सगळ्यांच्या लक्षात राहते. माझ्या लक्षात राहिला तो प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम. त्याची विद्या कुठे गेली नव्हती. ती वापरायला जागा नव्हती.

आधी नोकरी, मग शिकवणी

आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘पूर्ण बरा होऊ दे, मग बघू नोकरीचं.’ डॉक्टरही पुष्कळदा ‘सध्या आराम करू द्या’ म्हणतात. या ‘सध्या’चे दहा वर्षे कधी झाले हे कळत नाही. पुनर्वसनाच्या संस्थांचाही पूर्वी असाच क्रम होता. आधी दिवस-केंद्रात यायचे, पाकिटे चिकटवायची, मेणबत्त्या करायच्या, वेळेवर यायची सवय लावायची, मग जमलेच तर बाहेरची नोकरी. पाकिटे चिकटवून पुष्कळ चांगल्या गोष्टी साधतात. पण पाकिटे चिकटवता येऊ लागली म्हणून दुकानात हिशेब लिहिता येऊ लागतो असे नाही. पोहायचे पुस्तक पाठ करून कोणी खाडी पार केलेली नाही.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी १९९० च्या सुमारास हा क्रमच उलटा केला. ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला तयारीच्या नावाखाली थांबवायचे नाही. त्याला कसले काम आवडते ते विचारायचे आणि बाजारात इतरांना मिळते तशी, तशाच पगाराची खरी नोकरी लवकरात लवकर शोधायची. शिकवणी नोकरी लागल्यावर, त्याच नोकरीपुरती. यातला खरा कस पुढे लागतो. नोकरी शोधून देणारा कार्यकर्ता नोकरी लागली म्हणून निघून जात नाही. डॉक्टरांच्या चमूबरोबर बसतो, मालकाशी बोलतो, शुभार्थीला भेटत राहतो, लागेल तितके दिवस.

ऐकताना हे धाडस वाटते. युरोपातल्या लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगेन आणि सोफिया या सहा शहरांत ३१२ रुग्णांवर ते पारखून पाहिले गेले आणि निष्कर्ष २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. जुन्या पद्धतीत १०० पैकी २८ जणांना दीड वर्षात निदान एक दिवस तरी खरी नोकरी करता आली. नव्या पद्धतीत ५५ जणांना. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती वाटते, ते ताण येऊन पुन्हा रुग्णालयात जाणे, ते नव्या पद्धतीत वाढले तर नाहीच, उलट थोडे कमी भरले. १०० पैकी ५५ म्हणजे ४५ जणांना जमले नाही, हेही डोळ्यांआड करू नये.

आपल्या देशाबद्दल एक जुनी नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यात आग्र्याचे, पुढे चंडीगढचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे सावरलेले दिसले. का, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. एक खुलासा असा दिला जातो की इकडे कुटुंब सोडत नाही आणि शेतात-घरात प्रत्येकाला झेपेल असे काही काम सापडते. हे खरे असेल तर साडेतीनशे चौरस फुटांच्या ब्लॉकमध्ये, जिथे शेत नाही, गोठा नाही, अंगणही नाही, तिथे ते काम कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच.

गाडीत आणि गाळ्यात

आता भाईंदरला उतरू.

पहिली अडचण गाडीची. भाईंदरहून चर्चगेट चाळीस किलोमीटरांच्या वर, तासाहून अधिक उभ्याने प्रवास. विरारहून भरून येणारी गाडी, दारातली झोंबाझोंबी. रात्री घेतलेल्या औषधांची गुंगी सकाळी नऊपर्यंत उतरत नाही. शिवाय ज्याला गर्दीतली प्रत्येक कुजबूज आपल्याविषयी वाटत होती, त्याला आपण नोकरीआधीच या कसोटीला उभे करतो. नोकरी झेपली नाही असे घरी म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा झेपलेली नसते ती गाडी. फोर्टातल्या हापिसापेक्षा रिक्षाच्या अंतरावरची, चार पैसे कमी देणारी नोकरी पहिल्या वर्षी चांगली, असे माझे मत आहे. वडिलांना ते पटत नाही. त्यांनी स्वतः तीस वर्षे सात-सतराची गाडी पकडलेली असते.

रिक्षाच्या अंतरावर काय आहे? भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. पत्र्याची चकती प्रेसखाली जाते, ताट-वाटी होऊन बाहेर येते, मग पॉलिश, मग पुसणे, स्टिकर लावणे, वजन करणे, खोक्यात भरणे. प्रेसवर एका क्षणाच्या डुलकीला बोट जाते. ज्याचे हात औषधाने थरथरतात किंवा डोळे जड होतात, त्याला तिथे बसवणे हा गुन्हा आहे. पॉलिशच्या जागी उष्मा आणि घाम. ज्याला लिथियम चालू आहे त्याने घाम गाळून पाणी कमी प्यायले तर औषधाचे रक्तातले प्रमाण वाढून विषबाधेपर्यंत पाळी येऊ शकते. पण त्याच गाळ्यात वजन-काटा, मालाची वही आणि पॅकिंगचे टेबल असते. शिक्षण बी.कॉम., अक्षर चांगले, कामात एक-एक गोष्ट नीट लावून ठेवण्याची आवड. गाळा एकच, जागा वेगळी. ही निवड मालक करणार नाही, त्याला ठाऊक नसते. वडिलांनाही ठाऊक नसते. औषध आणि गाळा या दोन्ही गोष्टी पाहिलेल्या कोणी तरी ती करायची असते.

रात्रपाळीचे तसेच. कॉल सेंटरचा पगार मोहात पाडतो, पण उन्माद-नैराश्याच्या आजारात झोप मोडणे म्हणजे उन्मादाला आवतण. क्लोझापिन हे औषध सुरू केले की पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. म्हणजे आठवड्यातून एक सकाळ उशिरा येण्याची मुभा. अशा चार-दोन गोष्टी आधी ठरल्या तर नोकरी टिकते. न ठरल्या तर दुसऱ्याच महिन्यात ‘फार दांड्या मारतो’ म्हणून सुटते.

मालकाला सांगायचे की नाही? यावर घराघरांत वाद होतात. लपवले तर गोळ्या डब्याच्या पिशवीत दडवून खाव्या लागतात आणि एके दिवशी बिंग फुटते. सांगितले तर दार उघडतच नाही. मला मधला रस्ता बरा वाटतो. आजाराचे नाव सांगण्याची सक्ती कोणावर नाही. कामाला काय लागेल तेवढे सांगावे. ‘याला तब्येतीमुळे चार वर्षं घरी बसावं लागलं. आता औषध चालू आहे. सकाळी दहाला येईल, प्रेसवर बसणार नाही, दर बुधवारी तासभर उशीर होईल. एका वेळी एकाच माणसानं काम सांगावं.’ गाळ्याच्या शेठचे प्रश्न आपल्याला वाटतात त्याहून साधे असतात. माल चोरणार नाही ना? सीझनला दांडी मारणार नाही ना? गिऱ्हाइकाशी भांडणार नाही ना? मानसशास्त्रात त्याला रस नसतो. या तीन प्रश्नांची खरी उत्तरे देणारा, आणि काही बिनसले तर फोन केल्यावर अर्ध्या तासात येणारा माणूस पाठीशी आहे, एवढे त्याला पुरते.

हा पाठीशी उभा राहणारा माणूस आणायचा कुठून? प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण मीरा-भाईंदरमध्ये बँकेतून, महापालिकेतून, शाळांतून निवृत्त झालेली माणसे थोडी नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघ जागोजाग आहेत. एका शुभार्थीमागे एक निवृत्त माणूस, संध्याकाळी एक फोन, आठवड्यातून एक चक्कर, तीन महिने. त्याला मानसोपचार यावे लागत नाहीत. कारकुनी करताना साहेबाचा राग कसा गिळायचा आणि डबा कोणाबरोबर खायचा, हे त्याला येते. नोकरी सुटते ती काम येत नाही म्हणून क्वचितच, डब्याच्या वेळेला एकटे पडल्यामुळे पुष्कळदा. आईने हे काम करू नये. आई रोज गाळ्याच्या दाराशी आली की मुलगा पुन्हा सहावीत जातो.

पगाराचेही बोलले पाहिजे. ‘त्याला कशाला पैसे, आम्ही आहोत ना’ असे म्हणून वडील परस्पर पगार घेतात. ओळखीचे दुकानदार ‘हातखर्चाला’ म्हणून दोन हजार देतात आणि उपकार केल्यासारखे सांगतात. काम पूर्ण असेल तर पगार पूर्ण हवा, आणि तो त्याच्या नावाच्या खात्यात.

आणखी एक सवय. नोकरी लागून दोन महिने झाले की मावशी स्थळ घेऊन येते. आजार लपवून लग्न, नव्या घराचा ताण, गोळ्या बंद, मग नोकरीही जाते आणि एका मुलीचे आयुष्यही पणाला लागते. लग्नाने आजार बरा होत नाही.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे, कारण त्यांना हा ‘काय करते’ प्रश्न विचारलाच जात नाही. नवऱ्याने माहेरी आणून सोडलेली चाळिशीतली मुलगी भांडी घासते, भावाच्या मुलांचे डबे करते, आईला औषध देते. ‘घरात मदत होते की!’ म्हणून तिच्या कामाचा विचार तिथेच संपतो. पगार नाही, सुट्टी नाही, आणि ती बिनसली तर ‘हिला काही काम नसतं म्हणून डोकं फिरतं.’ भाईंदरमध्ये इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवण्याचे काम घरोघर येते. नगावर पैसे, तेही थोडे. पण अशा मुलीला ते काम देताना ते तिने चार भिंतींत एकटीने करण्यापेक्षा चार बायका जिथे एकत्र बसून करतात तिथे पाठवले, तर पैसे तेच मिळूनही फरक पडतो.

कायद्याच्या कागदावर

१९९५ च्या अपंगत्व कायद्याने मानसिक आजार हे अपंगत्व मानले, पण नोकरीतल्या तीन टक्के आरक्षणात त्याला जागा दिली नाही. ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिली. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के, त्यातला चौथा एक टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यात वाटून. त्यासाठी निदान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. स्वतःची निगा, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम, या चार बाबींवर गुण देऊन ते ठरते. घरे हे प्रमाणपत्र काढायला कचरतात. धाकटीचे लग्न व्हायचे असते, शिक्का नको असतो. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण प्रमाणपत्र काढले म्हणजे ते सोसायटीच्या फलकावर लावावे लागत नाही.

नोकरीत असताना आजार झाला तर तोच कायदा सरकारी नोकराला चांगले संरक्षण देतो. त्याला काढता येत नाही आणि त्याची पायरी उतरवता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे लागते. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितले, की ज्या वागणुकीमागे मानसिक आजार हे एक कारण आहे, तिच्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव होतो. बेशिस्त की आजार, हा प्रश्न आता साहेबाला आधी विचारावा लागेल.

खासगी गाळ्यांत हे संरक्षण नाही. तिथे एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांचा ईएसआयचा हप्ता कापला जातो, त्यांच्यासाठी दीर्घ आजारांची एक यादी आहे आणि तिच्यात क्षयरोग व कर्करोगाबरोबर स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य आणि उन्माद-नैराश्य हेही आहेत. दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरलेले हप्ते भरले असतील तर नेहमीच्या ९१ दिवसांच्या पुढेही पगाराच्या ८० टक्के दराने लाभ मिळतो. दहाहून कमी कामगारांच्या गाळ्यांना ही योजना सहसा लागू नसते, आणि भाईंदरचे कितीतरी गाळे नेमके तेवढेच असतात. नोकरी शोधताना पगार किती याबरोबर ईएसआय कापतात का, हे विचारावे. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीतूनही बोलता येते.

पहिली नोकरी बहुधा टिकत नाही, हे आधीच घरात बोलून ठेवलेले बरे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झोप बिघडते, किंवा शेठचा भाचा येतो आणि जागा जाते. तशी ती धडधाकट मुलांचीही जाते. फरक एवढाच की त्यांचे वडील ‘दुसरी बघ’ म्हणतात आणि या घरात ‘सांगितलं होतं ना, याला नाही झेपणार’ असे म्हटले जाते. नोकरी सुटली की डॉक्टरांना सांगावे, गोळ्यांचे पाहून घ्यावे, आठ-पंधरा दिवस जाऊ द्यावेत. मग मुलाने स्वतः एका वहीत लिहावे. किती दिवस केली, गाडी होती की रिक्षा, काम कोण सांगत होते, डबा कोणाबरोबर खाल्ला, कोणत्या कामाला कंटाळा आला नाही, कशाने बिनसले. पाठीराख्या काकांनी त्याखाली आपले चार शब्द लिहावेत. दुसऱ्या गाळ्यात जागा विचारायला जाण्याच्या आदल्या रात्री दोघांनी ती वही उघडून बसावे.